जामच्या नर्सरीतला उलटा फोन

"मॅडम, मोबाईल पुन्हा काळा पडला जी."

फोनवर सुनंदा होती. मे महिन्यातली दुपार, घड्याळात एक वाजलेला. मी सिंदी मेघेच्या घरी कूलरसमोर जेवायला बसले होते. 'पुन्हा' ऐकलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"पूर्ण काळा पडला की अंधूक झालाय?"

"उनात काईच दिसत नाई. पदराची सावली करून पायलं तं भुतावानी काईतरी दिसते. मी हातानं कॉक फिरवून राह्यली. भाऊजी इथंच उभे हायेत."

मागून पुरुषाचा आवाज आला. "सांग त्याईले, सोमवारपर्यंत वाट पाहू म्हना. मंग मी काई आयकनार नाई."

फोन बंद झाला. मला जेवण गेलं नाही. रागानं गेलं नाही, हे कबूल करते. राग त्या मागून बोलणाऱ्या वामनरावांचा नव्हता. काळा पडलेला तो मोबाईल मी स्वतः तयार केला होता, आणि मी तयार केलेली वस्तू बंद पडली की मला घरचं माणूस आजारी पडल्यासारखं होतं.

मी अठ्ठावीस वर्षं वर्ध्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळली. हुद्दा लॅब असिस्टंटचा होता, आणि काम जे कोणाला येत नाही ते. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं. लोक बिघडलेल्या वस्तू आणतात. लॅबमधल्या दोन सवयी मी बरोबर आणल्या. पहिली, प्रत्येक बिघाड रजिस्टरमध्ये लिहायचा: बिघाड काय, कारण काय, उपाय काय. दुसरी, टेबलावर आलेली वस्तू आधी पिवळ्या फडक्यानं स्वच्छ पुसायची, मगच तिला हात घालायचा. पोरांच्या हातचं सामोशाचं तेल अठ्ठावीस वर्षं पुसलं आहे मी.

सुनंदाची नर्सरी जाम गावच्या चौकापासून थोडी आत, हायवेला लागून. शेडनेटखाली मिरची, वांगी, टमाटर यांची रोपं तयार होतात आणि आसपासचे भाजीवाले शेतकरी ती नेतात. नर्सरी उभी केली तिच्या सासऱ्यांनी. कॉलेजच्या एका प्रदर्शनात ते माझ्याकडे आले होते. "बाई, रोपाले ऊन लागलं का नाई, हे मशीन सांगन का?" असं त्यांनी विचारलं. मी सांगेल म्हटलं, आणि प्रोग्रॅम लिहिला. लॅबमधून बाद झालेला एक कॉम्प्युटर रीतसर परवानगी काढून त्यांना दिला. तो कॉम्प्युटर शेडनेटमधलं तापमान दाखवायचा आणि चार वाफ्यांचे फॉगर, म्हणजे धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे नळ, चार बटणांवर चालवायचा. कोणत्या वाफ्याला किती पाणी, हे मी मुद्दाम माणसावर सोडलं होतं. रोप कोवळं असताना कमी पडलं तर करपतं, जास्त झालं तर देठाशी सडून आडवं होतं. ते डोळ्यांनीच कळतं, आणि सासऱ्यांच्या मागे ती नजर सुनंदाकडे आली. तिचा नवरा वर्ध्याला नोकरीला. नर्सरी तीच बघते.

वामनराव तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर. माणूस वाईट नाही, पण त्यांचं म्हणणं, हायवेची जागा आणि तिथे रोपं कसली लावता, धाबा टाका. एप्रिलमध्ये लाइन गेली, मग दणक्यात आली आणि तो जुना कॉम्प्युटर जळाला. वामनरावांना मुद्दा मिळाला. सुनंदा एकटी हातानं फॉगर चालवणार कशी? चार वाफ्यांचे चार कॉक चार कोपऱ्यांत. एकीकडे जावं तर दुसरीकडे रोपं माना टाकतात. वांग्याचे काही ट्रे त्यातच गेले.

"यंदा रोपं धड निघाली नाईत तं नेट सोडू," त्यांनी घरात सांगून टाकलं. धाब्यासाठी एक माणूसही बघून ठेवला.

सुनंदा माझ्याकडे आली ती जळलेला कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून. तो गेलाच होता. नवा घेतला तरी लाइनचं काय? पंप सोलरवर होता, लाइन गेली तरी चालायचा. कॉम्प्युटर मात्र लाइनवर. म्हणजे पाणी हजर, हुकूम देणारा गैरहजर. मला तेव्हाच सुचलं की हुकूम देणाऱ्याला स्वतःची बॅटरी हवी. फोनला ती असते.

पण माझा प्रोग्रॅम लिनक्सवरचा. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट आणि मोकळी व्यवस्था, जिचा प्रत्येक स्क्रू तुम्हाला उघडता येतो. आपल्या नेहमीच्या फोनमध्येही आतून लिनक्सचंच बीज असतं, पण वरून इतकी कुलपं घातलेली असतात की माझ्यासारखीला आत शिरता येत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याला आहे. ती जुन्या फोनमध्ये अख्खं मोकळं लिनक्स घालते. तिनं असा एक फोन पाठवून दिला. सोबत चिठ्ठी: 'मॅडम, हळू आहे, पण तुमच्यासारखा हट्टी आहे.'

हळू होता हे खरं. त्यावरचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर दिसणारी सगळी मांडामांड, फार नखरेल होती. पानं सरकत यायची, सावल्या पडायच्या, बटण दाबलं की ते लाजल्यासारखं फुगायचं. माझा प्रोग्रॅम उघडायला घेतला की चहा ठेवून यावं. आणि तापायचा. माझ्या खोलीत कूलरसमोर तापतो तो जामला नेटमध्ये काय करेल? फोन फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो.

मी तो सगळा साज उतरवला. त्याजागी हलका डेस्कटॉप बसवला. त्यात असतो फक्त एक विंडो मॅनेजर, पाहुण्यांना 'तुम्ही इथं बसा' म्हणून जागा दाखवणाऱ्या माणसासारखा. चहापाणी नाही, गप्पा नाहीत. फोन एकदम थंड झाला आणि प्रोग्रॅम झटक्यात उघडला. मी एकटीच टाळी वाजवली. आतून आमच्या साहेबांनी विचारलं, "काय पडलं?"

पण हलकी व्यवस्था ही माऊसवाल्यांसाठी केलेली असते. बटणं मोहरीएवढी, एका बोटाखाली तीन. मी सगळं मोठं केलं, तर खालचं बटण पडद्याच्या बाहेर. खिडकीची चौकट काढली, वरची पट्टी काढली, न लागणारा कीबोर्ड काढला. मराठी अक्षरं सुटी सुटी दिसत होती, त्यांना नीट फॉन्ट दिला. चार दिवसांनी पडद्यावर एवढंच उरलं: वर ठळक आकड्यात तापमान, त्याखाली एकाखाली एक चार बटणं, पहिला वाफा ते चौथा वाफा. फोन चालू केला की दुसरं काही न दिसता थेट हेच.

एक गोष्ट राहिली. साज उतरवताना पडद्याचा उजेड आपोआप कमीजास्त होणं पण गेलं होतं. फोनच्या वरच्या टोकाला काचेखाली तिळाएवढा सेन्सर असतो, तो बाहेरचा उजेड मोजतो. ऊन असेल तर पडदा उजळायचा, सावली आली की मंद करायचा. सतत पूर्ण उजळ ठेवला तर फोन पुन्हा तापणार. म्हणून त्या सेन्सरला विचारून उजेड ठरवणारा छोटा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला.

फोन बसवायला मी स्वतः गेले. वामनराव खाटेवर बसलेले. माझ्यामागे कोणी येतंय का ते त्यांनी पाहिलं.

"साहेब नाई आले का संगं?"

"साहेबांना मोबाईलमधलं फोन उचलणं तेवढं येतं," मी म्हटलं.

फोन नेटच्या खांबाला उभा बांधला, केबलनं फॉगरच्या डब्याला जोडला. बटण दाबलं, पहिल्या वाफ्यावर धुकं उठलं. सुनंदानं नारळ फोडला. वामनराव लांबून बघत होते.

"सावलीत दिसते," ते म्हणाले. "भर उनात, मी जिथं उभा हावो तिथून आकडा वाचता आला पाहिजे. तं मानन."

"वाचता येईल," मी म्हटलं आणि एसटी पकडायला निघाले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पहिला फोन आला, पडदा काळा. सुनंदाच्या नवऱ्यानं पुढच्या सकाळी वर्ध्याला येताना तो माझ्याकडे आणून दिला. मी पिवळ्या फडक्यानं पुसला, गच्चीवर रणरणत्या उन्हात नेला. पडदा लखलखीत. तासभर उभी राहिले, डोकं तापलं, फोन नाही तापला. संध्याकाळी परत पाठवला. आणि त्यानंतर आला तो सुरुवातीला सांगितलेला 'पुन्हा'.

फोन पुन्हा तसाच माझ्या टेबलावर आला. या वेळी पुसून झाल्यावर मी आधी नोंदी वाचल्या. फोन दर मिनिटाला काय काय झालं ते लिहून ठेवतो. दुपारी साडेबारा, जामला, मे महिन्यात: बाहेरचा उजेड शून्य. एक वाजता शून्य. दोनला शून्य. म्हणजे सूर्य डोक्यावर असताना तो सेन्सर म्हणत होता की अंधार आहे. म्हणून माझा प्रोग्रॅम पडदा अगदी मंद करत होता. प्रोग्रॅम बरोबर वागत होता, सेन्सर खोटं सांगत होता. पण माझ्या गच्चीवर आला की खरं बोलायचा.

मी फोन उघडला, सेन्सरला जोडणारी आतली पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवली. मघाशी पुसताना फडक्याला लागलेला तांबूस रंग तेव्हा दिसला. आमच्याकडे माती काळी, नर्सरीत वापरतात तो नारळाचा भुसा तपकिरी. पण मिरचीच्या बियाण्याला औषधाचा लालगुलाबी रंग चोळलेला असतो, हे मला माहीत होतं. मला सगळं माहीत असतं. मी सुनंदाला फोन लावला.

"बियाण्याचे हात फोनला लावतेस का?"

"नाई जी, हात धुऊनच..."

"मग रंग कुठून आला? मी बघितला डोळ्यांनी. यापुढे हात पुसून लावत जा."

"हो मॅडम," ती म्हणाली. संध्याकाळी मी फोन परत पाठवला.

रविवारी दुपारी पुन्हा काळा. सोमवारी धाबेवाला जागा बघायला येणार होता. मी साहेबांना सांगितलं, उद्याचा स्वयंपाक तुमचा, आणि सोमवारी पहिली एसटी धरली.

पोचले तेव्हा उजाडून फार वेळ झाला नव्हता. सुनंदा तांब्या आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन नेटमध्ये शिरत होती. मला बघून थबकली. मी म्हटलं, तुझं रोजचं चालू दे, मी बसून बघते.

ती आधी पंपाच्या स्टार्टरपाशी गेली. बोट पाण्यात बुडवलं, डब्याला कुंकू लावलं. त्या डब्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचा जाड थर होता. मग फॉगरच्या डब्याला लावलं. मग खांबापाशी आली. माझ्या फोनला हात जोडले आणि ओल्या बोटानं त्याच्या वरच्या टोकाला, बरोबर मधोमध, ठसठशीत कुंकू लावलं. नेमकं त्या तिळाएवढ्या सेन्सरवर.

मी उठले. दोनदा माझ्या टेबलावर हा फोन आला होता, आणि दोन्ही वेळा बिघाड मी स्वतःच्या हातानं पुसून टाकला होता. मग निरोगी फोनची तपासणी केली होती. वर त्या पोरीलाच बोलले होते. आणि माझ्या लॅबमध्ये दर दसऱ्याला मीच ओरडायची, कुंकू टेबलाला लावा, मशीनला नको!

"सुनंदा, माझं चुकलं," मी म्हटलं. आधी हेच म्हटलं. मग सांगितलं.

तिनं पदरानं कुंकू पुसलं. पडदा लख्ख उजळला. आम्ही दोघी हसलो, पण ती लगेच थांबली.

"मंग लावू नाई का आता?"

वामनराव तेवढ्यात आत आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाबाची रीत हाय ते," ते म्हणाले. "मशीनले कुंकू लावल्याबिगर बाबानं कधी बटन दाबलं नाई."

या एका गोष्टीत दीर-भावजय एक होते. मी म्हटलं, मागच्या बाजूला लाव.

"पाठीले कोनी कुंकू लावते का जी?" सुनंदा म्हणाली. "कपाळालेच लावते नं."

ती बरोबर होती. मी फोनकडे बघत राहिले. कपाळाला लावायचं, ठीक आहे. पण फोनचं कपाळ कोणतं, हे ठरवलं कोणी? पडद्यावरचं चित्र ज्या बाजूला डोकं करतं, ते कपाळ. आणि चित्र तर माझ्या ताब्यात होतं.

पिशवीतून कीबोर्ड काढला, फोनला जोडला. नखरेल डेस्कटॉप असता तर त्याची परवानगी मागत बसावं लागलं असतं. या हलक्या व्यवस्थेत एक ओळ लिहायची होती. लिहिली. पडदा उलटा झाला. मी फोन खांबावरून सोडला, डोकं खाली पाय वर असा फिरवून बांधला. आता आकडे सरळ, सेन्सर पायाशी, आणि वर कोरी काळी पट्टी, अगदी कपाळासारखी.

"दाब आता पहिला वाफा," मी ऐटीत म्हटलं.

सुनंदानं दाबला. पहिल्या वाफ्यावर काहीच नाही. चौथ्या वाफ्याचे फॉगर सुर्रकन सुटले आणि तिथे उभे असलेले वामनराव टोपीपासून चपलेपर्यंत भिजले.

"अवो मॅडम!"

मी चित्र उलटं केलं होतं, बोटाचा स्पर्श उलटा करायला विसरले होते. डोळ्यांना बटण वर दिसत होतं, फोनला बोट खाली लागल्यासारखं वाटत होतं. आणखी एक ओळ लिहिली. या वेळी पहिला दाबला आणि पहिलाच सुरू झाला. वामनराव मात्र चौथ्या वाफ्यातून हलले नाहीत. सकाळचे आठच वाजले होते, पण ऊन चढलं होतं, आणि त्यांना बरं वाटत असावं.

सुनंदानं करंडा उघडला. नव्या कपाळाला कुंकू लावलं. मी एवढंच म्हटलं, बोट कोरडं ठेव, वरून केबल आत जाते. तिनं मान डोलावली.

धाबेवाला भर दुपारी आला. उजळ शर्ट, मोटरसायकल. नेटच्या बाहेर उभा राहून जागा किती, झाडं किती, विचारू लागला. वामनराव त्याच्याजवळ उभे होते, पहिल्या दिवशी जिथे उभे राहून त्यांनी मला अट घातली होती, बरोबर तिथेच. मी खाटेवर बसले होते आणि उगाच पिशवी आवरत होते.

सुनंदा आत वाफ्यांवर वाकली होती. दुसऱ्या वाफ्यातली मिरची तिनं बोटानं हलवून बघितली, फोनपाशी आली, बटण दाबलं, धुकं उठलं. चौथ्यापाशी गेली, पानं बघितली, आणि दाबलं नाही. पळापळ नाही, पदराची सावली नाही. वामनराव खांबाकडे बघत होते. डोळे बारीक केले.

"सेहेचाळीस," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळले. "दिसते."

"मी म्हटलं होतं," मी म्हटलं.

ते धाबेवाल्याकडे वळले. "पानी पिऊन जा जी. जागा नाई निघत."

"यंदा नाई का?"

"आता नाईच," ते म्हणाले, आणि चौथ्या वाफ्याकडे चालू लागले.

जूनमध्ये शेवटचा ट्रे गेला. सुनंदाचा फोन आला, पहिल्यांदाच दुपारी एक वाजता बिघाडाशिवाय. वांग्याचे गेलेले ट्रे सोडले तर सगळी रोपं निघाली, आणि नेणाऱ्यांनी पुढच्या हंगामाची नावं आताच सांगून ठेवली. मग ती म्हणाली, "भाऊजी त्याईचा मोबाईल पाठवून राह्यले. म्हनतात, याच्यातलंही झगमग काढून देजा." मला हसू आलं आणि डोळेही भरले. अठ्ठावीस वर्षं शेकडो मशिनी चालू केल्या, पण कोणाची जागा त्यामुळे वाचली असं पहिल्यांदाच घडलं. या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत सांगते.

पिवळा फडका अजून टेबलावर आहे. पण आता वस्तू आली की हात मागे बांधून आधी बघते, मग आणणाऱ्याला विचारते, मग पुसते. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची नोंद अशी आहे. बिघाड: पडदा अंधूक. कारण: कुंकू. उपाय: फोन उलटा. खाली मी आणखी एक रकाना आखला, जो अठ्ठावीस वर्षांत कधी आखला नव्हता. उशिराचं कारण: मी.